तीस नंबरची चकली

आमच्या पाटोदेकर सरांसमोर 'लई' म्हणायची सोय नव्हती. शेतकरी पिशवीत पानं घेऊन यायचा, घाम पुसायचा आणि म्हणायचा, "साहेब, लई मावा पडलाय." सर मान वर न करता विचारायचे, "लई म्हणजे किती?" माणूस गडबडायचा. "लईच की साहेब." "एका पानावर किती? वीस झाडं बघितली का?" मग सर पेन खाली ठेवून म्हणायचे, "तुला भीती दिसतीय, किडा दिसत नाही. जा, मोजून ये."

सर रिटायर झाले तेव्हा निरोप समारंभात एकेकजण उठून बोलला. शिस्तप्रिय होते, सत्यप्रिय होते, फणसासारखे होते, वरून काटे आणि आत गरे. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली आहेत. काटे मोजायला सांगाल तर सांगते, गरे काही माझ्या हाती लागले नाहीत. माणूस क्रूर होता. हुशार होता, प्रामाणिक होता, पण क्रूर होता, आणि तो प्रामाणिकपणानंच क्रूर होता, हे मला कळायला फार वेळ लागला.

संभाजीनगरच्या बाहेर आमचं संशोधन केंद्र. सर तिथले कीटकशास्त्रज्ञ. तीस वर्षं त्यांचं काम एकच, कुठला किडा कधी मारायचा आणि कधी मारायचा नाही हे लोकांना सांगणं. दुसरा भाग त्यांना जास्त प्रिय होता. शेतात किडा असणारच, त्यानं जेवढं खाल्लं त्यापेक्षा फवारणी महाग पडत असेल तर हात बांधून बसा, हे त्यांचं सांगणं. हात बांधून बसायला आकडा लागतो. म्हणून मोजणं.

एकदा देवगाव रंगारीहून एक बाई आली. एसटीनं, मांडीवर मक्याची चार झाडं मुळासकट घेऊन. शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या पोंग्यात अळी शिरलेली, पानं चाळण झालेली. "लई अळी झाली साहेब, समदा मका गेला." सरांनी विचारलं, "किती झाडांत?" तिला सांगता येईना. "ही चार तू शोधून आणलीस. चांगली कुणी आणत नाही. परत जा. पाच ठिकाणी उभी राहा, एका ठिकाणी वीस झाडं बघ, किती पोंगे खाल्लेत ते लिहून आण." बाई म्हणाली, "साहेब, आता लगेच?" सर म्हणाले, "गाडी किती वाजता आहे?" आणि खरोखर घड्याळ बघून तिला वेळ सांगितली. तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. पाणी मी दिलं. दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आली. शंभरातली चार झाडं खराब होती, आदल्या दिवशी आणलेली तीच. सर म्हणाले, "फवारू नकोस. घरी जा." तिनं नाही फवारलं आणि तिचा मका चांगला आला. म्हणजे सर बरोबर होते. ते बहुतेक वेळा बरोबर असायचे आणि समोरचा माणूस बहुतेक वेळा रडवेला असायचा.

माझीही पाळी आली. मी फुलंब्रीची, कंत्राटी सहायक. माझ्याकडं कामगंध सापळ्यांचं काम होतं. सापळ्यात मादीच्या वासाची एक छोटी गोळी टांगतात, त्या वासानं नर पतंग येतात आणि पिशवीत अडकतात. रोज सकाळी जाऊन पतंग मोजायचे, वहीत लिहायचे. एक दिवस चिखल फार होता, मला ताप होता, मी खोलीत बसून आकडे लिहिले. नऊ, अकरा, आठ. कालच्यासारखे, परवासारखे. शनिवारच्या बैठकीत सरांनी माझी वही उघडली. सगळा स्टाफ बसलेला. म्हणाले, "या तीन सापळ्यांतल्या गोळ्या मी गुरुवारी संध्याकाळी काढून माझ्या खिशात ठेवल्या होत्या. तरी शुक्रवारी नऊ, अकरा, आठ पतंग आले. वासाशिवाय आले. या मुलीत काहीतरी आहे, तिलाच शेतात उभी करू, गोळ्यांचा खर्च वाचेल." लोक इतके हसले की एकाला ठसका लागला. मी बाथरूममध्ये जाऊन अर्धा तास रडले. त्यानंतर मी एकही आकडा खोटा लिहिला नाही. भीतीनं म्हणा, कशानंही म्हणा.

बाथरूमच्या दारापाशी त्या दिवशी चहा घेऊन उभे होते ते भानुदासमामा. "घ्या ताई. साहेब सगळ्यांनाच बोलत्यात. मला तर सव्वीस साल झाले ऐकायला."

भानुदासमामा आमचे मजूर, सरांचा उजवा हात. फुलंब्रीच्या पुढं मेंढरं राखणाऱ्यांची एक वस्ती आहे, तिथले. गळ्यात तुळशीची माळ. मटण सोडाच, अंड्याचा वास आला तरी उठून बाहेर जायचे. किडा मारायचा तरी आधी कपाळाला हात लावायचे. सर चिडवायचे, "भानुदास, हा किडा सरळ वैकुंठाला जाणार बघ, तुझ्या हातून मेला." मामा हसायचे.

त्यांच्या आयुष्यात अभिमानाची गोष्ट एकच होती. गावात दर साली सप्ताह बसतो, सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एकानं दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. पहिल्या दिवशी पहिल्यांदा वीणा गळ्यात घालायचा मान त्यांच्या घराचा. वडलांच्या आधी वस्तीवरच्या माणसाला गाव मंडपाच्या कडंला बसवायचं. वडलांनी माळ घातली, चाळीस वर्षं जपली, तेव्हा कुठं गावानं वीणा हातात दिली. वडील गेल्यावर ती मामांकडं आली. मामा हे सांगायला लागले की सर घड्याळ बघायचे. पण ऐकायचे मात्र शेवटपर्यंत.

रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली आणि सरांनी नवंच काढलं. खायचे किडे. रातकिडे पाळायचे, भाजायचे, दळायचे आणि पिठात मिसळायचे. प्रथिनं भरपूर, पाणी कमी, जागा कमी. वरच्यांनी नाक मुरडलं. सर म्हणाले, "तीस वर्षं यांना मारायला शिकवलं, आता खायला शिकवतो. किडा दोन्हीकडं मरतोच." प्रशिक्षणाला आलेल्या पोरांसमोर ते शेंगदाणे खावेत तसे भाजलेले रातकिडे खात बोलायचे. एक पोरगी तोंडावर रुमाल धरून पळाली तर म्हणाले, "एक कमी झाली. लिहून घे."

ते रातकिडे पाळले कुणी? भानुदासमामांनी. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये अंड्यांचे पुठ्ठे उभे करून, गाजराचे काप घालून, ओला कापूस ठेवून. पोटच्या पोरासारखे सांभाळले. पुढचं भाजायचं-दळायचं काम मात्र करायचे नाहीत. "साहेब, तेवढं नका सांगू." सरांनी ते कधी सांगितलं नाही. एवढी सवलत त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलेली मी पाहिली नाही.

मग चव घेण्याचा दिवस आला. तीस माणसं हवीत, असं प्रस्तावात मंजूर झालेलं. पंधरा जणांना साध्या पिठाची चकली, पंधरा जणांना रातकिड्याच्या पिठाची. कुणाला कुठली हे खाणाऱ्याला कळू द्यायचं नाही, नाहीतर जीभ आधीच ठरवून बसते. सगळ्यांकडून लिहून घेतलं होतं की किड्याचं पीठ असू शकतं, आमची हरकत नाही. चिठ्ठ्या टाकून नंबर पाडले. कुठल्या नंबरची चकली कुठली, ही यादी दोघांकडं, सरांकडं आणि माझ्याकडं. माझ्या यादीवर खाली माझी सही होती.

एकोणतीस आले. तिसावा, आमच्या ऑफिसातला एक क्लार्क, शेंद्र्याहून येणारा, त्याला सकाळी बायकोनं घरातनं निघूच दिलं नाही. त्याचा फोन आला तेव्हा बाकीचे खाऊन, फॉर्म भरून हात पुसत होते. बशीत तीस नंबरच्या दोन चकल्या राहिलेल्या. सर त्या बशीकडं बघत राहिले. एकोणतीस ही संख्या त्यांना सोसवेना. मी त्यांचा चेहरा बघत होते, त्यांना शारीरिक त्रास होत होता म्हटलं तरी चालेल.

भानुदासमामा पाण्याचे पेले गोळा करत होते. सर म्हणाले, "भानुदास, बस. ही खा."

"साहेब, माळ हाये माझी."

"चकली आहे ती."

मामांनी सरांकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले. "ताई, साधी हाये ना ही?"

यादी माझ्या हातात होती. तीस नंबरपुढं काय लिहिलंय हे बघायचीसुद्धा गरज नव्हती, मला पाठ होतं. मी सरांकडं बघितलं. सर घड्याळ बघत होते. माझी कायम नोकरीची फाईल त्यांच्या शिफारशीसाठी त्याच टेबलावर पडलेली होती, हे मी सांगून टाकते, सबब म्हणून नाही.

मी म्हणाले, "बसा मामा, सगळ्यांनी खाल्ल्यात."

मामा बसले. माझ्या शब्दावर बसले. दोन्ही चकल्या खाल्ल्या, तिळाचा दाणा बोटानं टिपून खाल्ला. चवीचा फॉर्म त्यांना नीट वाचता येईना म्हणून मी वाचून दाखवला. चवीला एक ते नऊ आकडे, नऊ म्हणजे सगळ्यात छान. मामा म्हणाले, "एकदम झकास. नऊ लावा ताई." मी नऊवर गोल केला.

तिसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. कुणी काय खाल्लं ते त्याला सांगायचं, हाही त्यांचा नियम. मी त्यांना आधी केबिनमध्ये गाठून म्हणाले, "सर, मामांचं नका वाचू." त्यांनी विचारलं, "का? त्यानं खाल्लं नाही का?" आणि मग एकेक नंबर वाचत गेले. लोक हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. "तीस, भानुदास. रातकिडा, वीस टक्के." मामा दाराशी चहाची किटली घेऊन उभे होते. त्यांनी किटली हळूच फरशीवर ठेवली आणि बाहेर गेले. बाहेर आमचे ड्रायव्हर सत्तारभाई होते. ते नंतर मला म्हणाले, "मामू झाड के पीछे जाके उलटी करने की कोशिश कर रहे थे मॅडम. तीन दिन का खाया हुआ अब क्या निकलता?"

दुसऱ्या दिवशी मामा कामावर आले तेव्हा गळा मोकळा होता. क्रेटमध्ये गाजर घातलं, कापूस बदलला. सर म्हणाले, "माळ कुठं आहे?" मामा म्हणाले, "देव्हाऱ्यात ठेवली." सर पुढच्या क्रेटकडं वळले. थोड्या वेळानं मला म्हणाले, "त्याची तब्येत बघ. ॲलर्जी वगैरे काही?" त्यांना खरंच काळजी वाटत होती, पण ती अंगावर पुरळ आलंय का इतपतच.

गोष्ट गावात पोचायला वेळ लागला नाही. फुलंब्रीहून रोज येणारे चार जण आमच्याकडं आहेत, त्यांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार. सप्ताह पंधरा दिवसांवर आला होता. गावातली माणसं म्हणायला लागली की भानुदासनं किडे खाल्ले, यंदा वीणा दुसऱ्याला द्यावी. हे यंदापुरतं नव्हतं. वस्तीकडनं एकदा गेलेली वीणा परत येत नसते, हे मामांना ठाऊक होतं आणि गावालाही.

मग सरूमामी आल्या, मामांच्या बायको. सरांच्या केबिनच्या दारात पदर सावरून उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "साहेब, ते काय बोलायचे नाय तुमाला. म्या बोलते. निम्म्या चकल्या साध्या व्हत्या म्हनं. तुमी गावात येऊन यवढंच म्हना, की भानुदासची साधी व्हती. गावचे दगडूअण्णा तुमच्या शब्दाभायेर नाय."

सर म्हणाले, "पण ती साधी नव्हती."

"कागुद कोन बगतंय साहेब?"

"मी बघितलाय."

मामी एक पाऊल आत आल्या. मग म्हणाल्या, "सव्वीस सालात ह्या मानसानं तुमाला कदी नाय म्हनलं नाय. एक डाव तुमी व्हय म्हना."

सर उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. म्हणाले, "मी येतो. गावाला सांगतो." मामींनी तिथंच वाकून नमस्कार केला. त्यांना वाटलं काम झालं. मलाही वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मला सरांबद्दल माया वाटली, हे खरं सांगते.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. सरांच्या हातात फाईल होती. ती कशाला घेतली हे मी विचारायला हवं होतं. मंडप घालून झाला होता. दगडूअण्णा, गावातले सगळ्यात म्हातारे, सप्ताहाचं सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांनी सरांना खुर्ची दिली. पंचवीस-तीस माणसं होती. मामा खाली सतरंजीवर, मामी बायकांत. अण्णा भला माणूस. त्यांनी सुटकेचं दार स्वतःच उघडून धरलं. म्हणाले, "साहेब, आमच्या कानावर काय काय आलंय. तीस जनं व्हते, निम्म्यांची साधी व्हती म्हनत्यात. मंग आमच्या भानुदासची साधीच आसंल. व्हय म्हना, मिटून जाईल."

मामींनी डोळे मिटून घेतले.

सर उभे राहिले. म्हणाले, "नाही. त्याची किड्याची होती. त्याला माहीत नव्हतं. दोष माझा आहे." इथं थांबले असते तरी चाललं असतं. नकळत झालं, प्रायश्चित्त घ्या, एवढ्यावर अण्णांनी भागवलं असतं, त्यांचा चेहरा तसाच होता. पण सरांना वाटलं पुरावा द्यावा. त्यांनी फाईल उघडली. "त्याला खरंच माहीत नव्हतं, हे याच्यावरून कळेल. त्यानं चवीला नऊपैकी नऊ दिले आहेत. तीस जणांत सगळ्यात जास्त. माहीत असतं तर कुणी एवढे देत नाही."

मग मागं कुणीतरी फिसकन हसलं. "नऊपैकी नऊ," कुणीतरी म्हणालं. मग सगळा मंडप हसला. अण्णांनीही तोंडाला उपरणं लावलं. हसणाऱ्या गावासमोर वीणा गळ्यात घालून उभं राहता येत नाही. मामांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. सर फाईल हातात धरून आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते. आपलं काय चुकलं हे त्यांना कळत नव्हतं, देवाशप्पथ कळत नव्हतं.

हसणं ओसरल्यावर अण्णा म्हणाले, "बरं साहेब. तुमी खरं बोलले. मंग एक सांगा, हे अजून कुनाला ठावं व्हतं? कुनी त्याला सावध कसं केलं नाय?"

सरांच्या हातात उघडी फाईल होती. वरचाच कागद ती यादी, खाली माझी सही. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

सर म्हणाले, "कुणालाच नाही. फक्त मला." आणि फाईल मिटली.

अण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या ताई?"

मी तोंड उघडलं. त्याआधी खालून मामांचा आवाज आला. मान तशीच खाली. "त्यास्नी काय म्हाईत अण्णा. त्या नुसतं लिहून घेत व्हत्या."

मी तोंड मिटलं.

वीणा दुसऱ्या एकाला द्यायचं तिथंच ठरलं. आम्हाला चहा दिला. येताना मामी मला गाडीपर्यंत सोडायला आल्या, "ताई, तुमी काय करनार," म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावरनं हात फिरवला.

गाडी शहराच्या वाटेला लागली. सत्तारभाई गाडी चालवत होते, सर पुढं बसलेले. शेवटी मी विचारलं, "सर, यादी माझ्याकडंही होती. तुम्ही खोटं का बोललात?"

"तुझी कायम नोकरीची ऑर्डर यायची आहे," ते म्हणाले.

"आणि मामांची वीणा?"

ते मांडीवरच्या फाईलची दोरी बांधत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा विचारलं. सिडकोच्या वळणावर ते "इथं थांबवा" म्हणाले, खाली उतरले, फाईल काखेत धरली. चार पावलं गेले आणि परत फिरून खिडकीशी आले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्या माणसाला शब्द सापडत नाही असं मी पहिल्यांदा बघत होते, आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग ते वळून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उरलेली रजा टाकली, पुन्हा केंद्रात आलेच नाहीत, निरोप समारंभालासुद्धा नाहीत. भानुदासमामाही आले नाहीत. क्रेटमधल्या रातकिड्यांना गाजर घालायला कुणी नव्हतं, ते आठवडाभरात मेले.

माझी ऑर्डर सोमवारी आली. मी सही करून घेतली.